उपाशीपोटी

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी आई माझ्या पलंगाच्या पायथ्याशी बसून मेथी निवडत होती आणि मालीशवाली लंकाबाई बाळाला पायांवर घेऊन तेल जिरवत होती. ऑक्टोबरचं ऊन पडदा ओढूनही आत येत होतं. सोळा दिवसांची मुलगी, सोळा दिवसांचे टाके, आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर पालथा पडलेला साडेपाच वर्षांचा वरद. त्याच्या उजव्या जांघेत गाठ होती. रडला की फुगायची, निजला की आत जायची. मला नववा लागला तेव्हा एकदा ती आत जाईना. डॉक्टरांनी हातानं हळूहळू सारून बसवली आणि म्हणाले, 'साधा हर्निया आहे, वीस मिनिटांचं काम. पण आता थांबू नका. पुन्हा अडकली तर साधं राहणार नाही.' म्हणून बाळंतपणानंतरची पहिली शक्य तारीख घेतली. आई नेवाशाहून सावेडीला माझ्या बाळंतपणासाठी आलेली होतीच. 'एकात एक उरकेल,' ती म्हणाली, ऊन आहेच तर पापडही घालून टाकू, अशा सुरात. लंकाबाई बाळाचे पाय ओढत म्हणत होती, 'ताई, पोरगी लई घट हाय. आमच्या सुना उसाच्या फडावर बाळंत व्हत्यात, पाचव्या दिवशी मोळ्या बांधत्यात. तुमाला म्हैनाभर पलंगावर निजवायचं म्हंजी आमालाच दम लागतो.' आई म्हणाली, 'दम लागला असेल तर मेथी घे निवडायला, मी बाळाला घेते.' 'मेथी नगं काकू, तुमी एक काडी राहिली तरी पुन्हा निवडाया लावता.' दोघी हसल्या. मी हसले नाही, टाके ओढायचे. एवढंच त्या दुपारचं. मी ती इतक्यांदा आठवली आहे की आता मेथीच्या काड्यांचा ढीग जरा मोठाच दिसतो, आणि आईचे हात प्रत्यक्षात असतील त्यापेक्षा हळू चालतात.

संध्याकाळी पाचच्या सुमारास मी वरदला जवळ बसवून हॉस्पिटलची चिठ्ठी समजावून सांगितली. मुलांना अशा गोष्टी आधी सांगाव्यात, फसवू नये, असं मी वाचलेलं होतं. मी एका कॉलेजची लायब्ररी सांभाळते. वाचलेलं नाही असं माझ्या बाबतीत फार कमी आहे. रात्री जेवण झालं की काही खायचं नाही, मी म्हटलं. सकाळी दूध नाही, बिस्किट नाही, सहानंतर पाणीही नाही. आठ वाजता ऑपरेशन, ते झालं की मग सगळं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'बाळ?' बाळ लहान आहे, त्याला दूध लागतं. 'तू?' मला बाळाला पाजायचं असतं. 'बाबा?' बाबांना गाडी चालवायची आहे. 'म्हणजे मी एकटाच,' तो म्हणाला. हे तो हट्टानं म्हणाला नाही. हिशेब मांडून उत्तर यावं तसं म्हणाला, आणि ते उत्तर त्या संध्याकाळपुरतंच नव्हतं. गेले सोळा दिवस तो एकटाच होता, माझ्या खोलीच्या दारात उभा राहून 'आत येऊ का' असं विचारायला शिकला होता. मग त्याला रडू फुटलं, मोठं, अंग ताठ करून, आणि चड्डीच्या कडेला ती गाठ वर आली. मला वाटलं, आज अडकली तर. मांडीवर बाळ होतं, मला उठता येत नव्हतं. दारात आई उभी होती, हाताला कणीक. मी म्हटलं, 'आजी पण.' रडं मध्येच थांबलं. 'आजी पण तुझ्यासारखीच उपाशी राहील. तुझं झालं की दोघं मिळून खा.' त्यानं आजीकडे पाहिलं. 'पाणी पण नाही?' आईनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग त्याला म्हणाली, 'पाणी पण नाही. बघू कोण आधी हरतंय.'

आईला मधुमेह होता, चार वर्षांपासून. आणि आईचे उपास त्याच्याही कितीतरी आधीपासून: संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, शिवाय कुणाच्या परीक्षेसाठी, कुणाच्या नोकरीसाठी सुचतील तसे. माझ्या दहावीच्या वर्षी तिनं सबंध मार्च महिना रात्रीचं जेवण सोडलं होतं आणि माझं बोर्डात नाव आलं नाही म्हणून तिला वाटलेलं वाईट माझ्यापेक्षा जास्त होतं, जणू तिचेच मार्क कमी पडले. ते उपास मी बंद केले. दोन वर्षं भांडून केले. नेवाशाला जाऊन बसायचे आणि तिला समजावायचे, कधी टिंगल करायचे. 'देव काय तुझ्या साबुदाण्यावर जगतो का?' असंही म्हटलं होतं एकदा, माझ्या बाबांच्या देखत. शेवटी डॉक्टरांच्या समोर तिच्याकडून कबूल करून घेतलं. गोळ्यांच्या पाकिटातला तो घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद मी पूर्ण वाचला होता आणि तिच्या डब्याच्या झाकणावर बॉलपेननं मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं: खाण्याआधी पंधरा मिनिटं. खाणं चुकलं तर गोळी घ्यायची नाही. तिचा शेवटचा उपास सुटला त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. त्या संध्याकाळी 'पाणी पण नाही' म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तेव्हाही ओळखलं होतं. तिला बरं वाटलं होतं. तिचं काढून घेतलेलं काहीतरी मी परत केलं होतं, आणि तेही स्वतःहून.

दिवेलागणीला ती देवापाशी निरांजन लावून माझ्या खोलीत आली. बाळ तोंडात घेत नव्हतं, छाती दगडासारखी झाली होती, बाहेर वरद मोठ्यानं कुठलं तरी गाणं म्हणत होता. आई जरा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, 'निवे, मग सकाळच्या गोळीचं काय करू गं?' मी वर न बघता म्हटलं, 'नेहमीसारखी घे. आठला तर आहे ऑपरेशन, नऊला खाशील.' 'बरं,' ती म्हणाली. दारापर्यंत गेली आणि म्हणाली, 'नाही, तू वाचतेस ना सगळं, म्हणून विचारलं.'

हे एवढंच मी कुणाला सांगितलेलं नाही. इथवर सगळ्यांना थोडंफार ठाऊक आहे. आजीनं नातवासाठी उपास धरला, हे तर नेवाशातल्या त्यांच्या गल्लीतसुद्धा माहीत आहे. पण तिनं गोळीचं विचारलं आणि मी घे म्हटलं, हे फक्त आम्हा दोघींत होतं, आणि आता एकटीकडे आहे.

सकाळी पावणेसातला ती तिघं निघाली, माझा नवरा धवल, वरद आणि आई. मी दारापर्यंत गेले. आईनं चहाची भांडी उपडी घालून ठेवली होती, माझ्यासाठी अळिवाची खीर झाकून ठेवली होती. वरदनं जिन्यातून मागे वळून सांगितलं, 'आजीनं चूळ भरली, पण पाणी थुंकलं. मी बघितलं.' नऊला धवलचा फोन आला. एक दिवसाचं कुठलंसं बाळ तातडीनं आणलंय, थिएटर अडलंय, दहा तरी वाजतील. दहाला फोन आला की भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या हॉस्पिटलात गेलेत, येतील तासाभरात. मी लंकाबाईकडून अंगाला शेक घेत होते. शेगडीत ओवा टाकलेला होता, खोलीभर धूर, आणि त्या धुरात मला आईची गोळी आठवली. आठवली नव्हती असं म्हणता आलं असतं तर मी आज निराळं माणूस असते. मी ती आठवण बाजूला ठेवली, जसं आपण लायब्ररीत चुकीच्या कपाटातलं पुस्तक हाताला लागलं तर तेवढ्यापुरतं आडवं ठेवतो, नंतर जागेवर लावू म्हणून. अकराला मी आईला फोन केला. मागे वरदचा आवाज येत होता. मी म्हटलं, 'आई, बरी आहेस ना?' ती म्हणाली, 'मला काय धाड भरलीये? घाम येतोय जरा. गर्दी आहे इथे.' आवाज नेहमीसारखा होता. किंचित ओढलेला होता का, हे मी नंतर शंभरदा ऐकायचा प्रयत्न केला आहे. आता काहीच ऐकू येत नाही. त्या बारीक अक्षरांच्या कागदावर लक्षणांच्या यादीत घाम पहिला होता. गुपचूप बाहेर जा आणि काहीतरी खाऊन घे, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता. पण मला वाटलं, वरदला कळेल, तो तिथेच रडेल, गाठ फुगेल, डॉक्टर आज नको म्हणतील, आणि मला हे सगळं पुन्हा करायचं नव्हतं. मी म्हटलं, 'पंख्याखाली बस.'

साडेबाराला वरदला आत घेतलं. आई बाहेरच्या बाकावर पदर डोक्यावरून घेऊन भिंतीला टेकली. धवल औषधांच्या काउंटरवर, मग खाली, मग वर. त्याला वाटलं, झोपल्या. सगळ्यांनाच वाटलं, रात्रंदिवस बाळंतिणीचं करणारी बाई बाकावर टेकली की झोपणारच. सव्वाला वरद बाहेर आला, सगळं उत्तम, गाठ गेली. धवल आईला उठवायला गेला आणि ती उठली नाही. शुगर इतकी खाली होती की नर्सनं दुसऱ्या मशीनवर पुन्हा बघितली. तिथून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला बराच वेळ साखर मिळालेली नाही, त्यात हृदयावरही ताण आला. साखर चढवल्यावर एकदा डोळे उघडले म्हणतात. मी तिसऱ्या दिवशी गेले, बाळाला लंकाबाईजवळ ठेवून, दहा मिनिटं. आईच्या दातांची कवळी काढून ठेवलेली होती, त्यामुळे ती मला माझ्या आजीसारखी दिसत होती, आणि मी चुकीच्या खोलीत आल्यासारखी उभी राहिले. तेवढ्यात छातीतून दूध वाहायला लागलं. ब्लाऊज भिजला, साडी भिजली. नर्सनं माझ्याकडे पाहिलं आणि पांढरा टॉवेल दिला. चौथ्या दिवशी सकाळी आई गेली.

घरातलं सोयर फिटून दहा दिवस होतात न होतात तोच सुतक आलं. लग्न झालेल्या मुलीला आईचं तीन दिवस. नेवाशाला मला नेलं नाही, ओली बाळंतीण, लहान जीव, टाके. सगळं घाटावर झालं, प्रवरेच्या पाण्यात. रडू नकोस, दूध आटेल, असं मला दिवसातून चारजणी सांगायच्या आणि मी निमूटपणे ऐकायची. आज्ञाधारकपणा इतका सोपा मला आयुष्यात कधी वाटला नव्हता. दहाव्याच्या दिवशी बाबांनी नेवाशाहून फोन केला. 'कावळा लगेच शिवला,' ते म्हणाले. आवाजात समाधान होतं, थोडा अभिमानही. 'ठेवला आणि शिवला. काही इच्छा उरली नव्हती तिची.' मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की भूक लागली असेल.

मग माणसं यायला लागली. बाबा महिनाभर आमच्याकडेच राहिले, बाहेरच्या खोलीत सोफ्यावर ताठ बसून, चाळीस वर्षं वर्गात बसत होते तसे. मी आतल्या खोलीत बाळाला घेऊन असायची आणि पडद्यातून सगळं ऐकू यायचं. 'तिचं उपासाचं वेड तुम्हाला माहीतच आहे,' बाबा सांगायचे. 'निवेदितानं किती बजावलं होतं. डब्यावर लिहून दिलं होतं हो, मोठ्या अक्षरांत. पण दमयंतीनं आयुष्यात कुणाचं ऐकलं असेल तर शपथ.' समोरची मंडळी हळहळायची, माझं कौतुक करायची. तो डबा बाबांनी दोन-तीन जणांना उघडून दाखवलासुद्धा. पहिल्यांदा सांगताना ते अडखळले होते. पुढे पुढे वाक्यं गुळगुळीत होत गेली, कुठे थांबायचं, कुठे उसासा टाकायचा हे ठरून गेलं. धवलचंही एक वाक्य होतं: 'मी तीनदा विचारलं आईंना, वडापाव आणू का.' तो ते कुणाच्याही डोळ्यांत न बघता म्हणायचा. बहुधा एकदाच विचारलं असेल, आणि स्वतः खाऊन झाल्यावर. मी त्याला कधी खोदून विचारलं नाही, कारण मग त्यानंही मला काही विचारलं असतं. आम्ही दोघं एकमेकांशी फार चांगलं वागत होतो त्या दिवसांत. नगरमधल्या आईच्या मैत्रिणी फोनवर म्हणायच्या, मुलीचं नाव दमयंतीच ठेव, आजीच आलीये पोटी. पण बाळ तर आजी जायच्या आधी आलं होतं, वीस दिवस. मी म्हणायची, बघू. बारसं राहिलंच. अजून ती बाळच आहे.

लंकाबाई एकटीच काही म्हणत नव्हती. दिवाळी आली तशी गेली. तिचा मुलगा कल्याण आणि सून ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर गेली, ही मागे राहिली. एकदा बाळाला आंघोळ घालता घालता म्हणाली, 'ताई, तुमच्या पोटात काय तरी अडकलंय.' मी म्हटलं, गॅसेस होतात. 'ते न्हाई. बाळंतिनीनं पोटात ठिवलं की ते दुधातून लेकराला जातं.' असं काही नसतं लंकाबाई, मी म्हटलं, आणि माझा स्वर आईच्या उपासांबद्दल बोलायची तेव्हाचा होता. तिनं तांब्या भरून घेतला. बाळाच्या डोक्यावर पाणी ओतत म्हणाली, 'नसंल. तुमी शिकल्याल्या.' त्या दिवशी बाळानं दोनदा दूध ओकलं. सगळीच बाळं ओकतात. मी टॉवेल धुवून वाळत घातला आणि बराच वेळ गॅलरीत उभी राहिले. खालून स्कूटरवर एक बाई चालली होती, पुढे उभं मूल, पाठीला दप्तर. तिला काहीच माहीत नव्हतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेतून वरदच्या बाईंचा फोन आला. 'तसं काळजीचं काही नाही,' त्या म्हणाल्या. 'पण गेले काही दिवस वरद डबा खात नाही. परत नेतो. मी विचारलं तर म्हणाला, माझी आई घरी जेवली का ते मला माहीत नाही, कसं खाऊ.' त्या हसल्या. 'फारच समजूतदार आहे हो.' डबा घरी रिकामा यायचा. मी दुसऱ्या दिवशी त्याला आणायला गेले तेव्हा पाहिलं. शाळेच्या फाटकाशी एक कुत्री होती, तिला तो पोळीचे तुकडे एकेक करून घालत होता, घाई न करता, सवय झालेल्या माणसासारखा. मग मी घरात बघायला लागले, जे दोन महिने माझ्यासमोरच चाललं होतं. ताट समोर आलं की तो हात मांडीखाली घालून बसायचा. आधी धवल, मग मी. घास गिळला की मान हलवायचा. बाळाला पाजायला घेतलं की येऊन जवळून पाहायचा, खरंच पितंय की नुसतं तोंड लावलंय. पाणी पिताना माझ्या गळ्याकडे बघायचा. आम्ही सगळे म्हणत होतो, वरद किती शहाणा झालाय आजी गेल्यापासून, ताटावर हट्ट म्हणून नाही. त्याचं वजन अडीच किलोनं उतरलं होतं. टाक्याची जागा मात्र छान भरली होती. एक बारीक, तिरकी, गुलाबी रेघ. ती रेघ बघून डॉक्टर म्हणाले होते, 'मोठा झाला की दिसणारसुद्धा नाही.'

रविवारी बाबा आले, नेवाशाहून सकाळच्या एसटीनं, पिशवीभर हुरड्याची कणसं घेऊन. आई गेल्यापासून ते जरा मोठ्यानं बोलतात. 'शेजारच्या भागवतच्या रानातली आहेत, आज पहाटे तोडलेली,' ते म्हणाले. लंकाबाईनं गॅसवर जाळी ठेवून कणसं भाजायला घेतली आणि नाक मुरडलं. 'हुरडा गौऱ्यांच्या आरावर भाजायचा असतो गुरुजी. ह्यो गॅसवरला म्हंजी नुसता दातांना काम.' 'आता सावेडीत तिसऱ्या मजल्यावर आगटी कुठे लावू? सोसायटीवाले मलाच भाजतील,' बाबा म्हणाले. खूप दिवसांनी घरात कुणीतरी हसलं. आम्ही स्वयंपाकघरात खालीच बसलो, मध्ये परात, शेंगदाण्याची चटणी, गूळ. बाबा गरम कणीस तळहातांत चोळायचे आणि हिरवे कोवळे दाणे फुंकून प्रत्येकाच्या हातावर द्यायचे. बाळ माझ्या मांडीवर जागं होतं. वरदच्या हातावर दाणे पडले, त्यानं मूठ मिटली. 'आजोबा, आधी तुम्ही.' 'अरे, मी भाजतानाच चार तोंडात टाकले.' 'आता टाका. आ करा.' बाबांनी हसत तोंड उघडून दाखवलं, दाणे चावून दाखवले, जीभही दाखवली. 'झालं समाधान? चोरून टाकतोय की काय मी?' मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'अगदी दमयंतीवर गेलाय बघ. तीही असंच करायची. सगळ्यांच्या पोटात पडल्याशिवाय स्वतःच्या नाही. तो उपासाचा हट्ट तिनं जरा कमी केला असता...'

'आजीचा हट्ट नव्हता,' वरद म्हणाला.

बाबा चोळता चोळता थांबले.

'माझा होता. मी म्हटलं, मी एकटा नाही राहणार.' तो मुठीकडे बघून बोलत होता. धवल म्हणाला, 'वरद, असं नाही बोलायचं राजा. तू लहान आहेस.' वरदनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. 'बाबा खाली गेले होते तेव्हा आजीनं पिशवीतून बाटली काढली. झाकण उघडलं. मी म्हटलं, हरलीस. मग तिनं झाकण लावलं. ती म्हणाली, नाही हरले. तिचा हात असा हलत होता.' आणि त्यानं आपली मिटलेली मूठ हलवून दाखवली. बोटांच्या फटीतून दोन दाणे खाली पडले. ते त्यानं उचलले आणि पुन्हा मुठीत घेतले.

गॅसवर कणीस तडतडत होतं. लंकाबाईनं हात लांब करून गॅस बंद केला. बाबांनी घसा साफ केला आणि ते म्हणाले, 'हे बघ वरद, तुला काय कळतंय त्यातलं. तुझी आजी मुळातच...' आणि मला दिसलं की आता ते वाक्य येणार, ते गुळगुळीत झालेलं, मी पडद्याआडून इतक्यांदा ऐकलेलं, आणि या वेळी वरद ते माझ्या शेजारी बसून ऐकणार. तो त्यावर विश्वास ठेवणार नाही. मोठी माणसं त्याला चुचकारतायत हे त्याला कळेल, मान हलवेल, शहाण्यासारखा, आणि सोमवारी पुन्हा फाटकापाशी कुत्रीला पोळी घालेल. पुढे केव्हातरी त्याची उंची वाढेल, आवाज फुटेल, तो जेवायला लागेल, आणि हे त्याच्या पोटात तसंच राहील, माझं त्याला दिलेलं. एवढे दिवस मी ते सांभाळलं होतं असं मला वाटत होतं. मी काहीच सांभाळलं नव्हतं. ते त्याच्याकडे होतं. साडेपाच वर्षांच्या माणसाकडे मी ते ठेवायला दिलं होतं आणि आत जाऊन पडदा ओढून घेतला होता. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या तळहाताला कणसाची काजळी लागली होती, आणि ते मला इतके म्हातारे दिसले की वाटलं, यांना तरी राहू द्यावं ते वाक्य, यांच्याकडे दुसरं आहे काय. खरं ऐकल्यावर त्यांना माझ्या घरी यावंसं वाटणार नाही कदाचित. माझ्या मुलीला हातात घ्यावंसं वाटणार नाही. बाळानं माझं बोट पकडलं होतं, ते मी सोडवून घेतलं, बाळाला लंकाबाईकडे दिलं.

'बाबा, थांबा,' मी म्हटलं.

'अगं, मी त्याला समजावतोय फक्त...'

'थांबा. वरद, माझ्याकडे बघ. मुठीकडे नको, माझ्याकडे बघ. आजीला उपाशी राहायला मी सांगितलं. तू नाही सांगितलंस. तू फक्त म्हणालास, मी एकटाच. ते खरं होतं. आजी पण, असं म्हटलं ते मी. आणि त्या संध्याकाळी तिनं मला विचारलं होतं, बाबा. तुम्हाला माहीत नाही हे. गोळीचं काय करू, म्हणून विचारलं होतं तिनं. डब्यावर काय लिहिलंय ते तिला पाठ होतं, तरी मला विचारलं. मी म्हटलं, घे. आणि अकरा वाजता तिला घाम येत होता तेव्हाही मी फोनवर होते. घाम म्हणजे काय ते मला माहीत होतं. मी तिला सांगितलं नाही. बाबा, ती हट्टी नव्हती. तिनं माझं ऐकलं.'